उभं विमान, उडतं विमान

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय ते विमानांच्या छोट्या प्रतिकृतींबद्दल, म्हणजे स्केल मॉडेलबद्दल. चिमटा, पातळ सिमेंट म्हणजे प्लॅस्टिक जोडायचा गोंद, पॉलिश पेपर आणि एअरब्रश घेऊन तासन् तास मान खाली घालून बसणाऱ्यांचा हा छंद. मी खरी छोटी विमानं उडवली आहेत आणि मॉडेलंही बनवतो. उडवायला लागल्यापासून मॉडेलाकडे बघताना माझ्या मनात पहिला प्रश्न एकच येतो: हे विमान या घटकेला काय करतंय? नुकतंच उतरलंय, रात्रभर उभं आहे, की हवेत आहे? हे किटचा, म्हणजे सुट्या भागांच्या संचाचा, खोका उघडल्याबरोबर ठरवून टाकावं. पुष्कळ मॉडेलांत ते ठरलेलंच नसतं. चाकं जमिनीवर, शेपटीवरचे हलणारे भाग, रडर आणि एलेव्हेटर, सगळं अगदी मधोमध आणि कॉकपिटमधले काटे मात्र ऐन उड्डाणातले!

त्या काट्यांपासूनच सुरुवात करू. १/४८ किंवा १/३२ प्रमाणाच्या मॉडेलात डायल स्पष्ट दिसतात, आणि हौशी माणूस ते भिंग लावून रंगवतो. आता विमान उभं आहे, इंजिन बंद आहे. वेगाचा काटा शून्यावर, हे सरळच आहे. कृत्रिम क्षितिज दाखवणाऱ्या उपकरणातला जायरो, म्हणजे आतलं गरगर फिरणारं चाक, थांबलेला, त्यामुळे ते क्षितिज बहुधा एका अंगाला कललेलं. उंचीमापकावर त्या विमानतळाची समुद्रसपाटीपासूनची उंची. आणि मॅनिफोल्ड प्रेशरचा काटा? इंजिन बंद म्हणजे तोही शून्यावर, असं कोणालाही वाटेल. पण तो मोजतो इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब. इंजिन थांबलं की आतला दाब बाहेरच्याइतकाच होतो, म्हणून समुद्रसपाटीला काटा पाऱ्याच्या तीस इंचांच्या आसपास उभा असतो. इंजिन सुरू होऊन मंद फिरायला लागलं की उलट तो खाली येतो. एवढा बारीक काटा कोण बघणार, असं म्हणाल. ज्याने विमान चालवलंय तो नेमका तिथेच बघतो.

आता बाहेर येऊ. उड्डाणाआधी वैमानिक विमानाभोवती एक फेरी मारतो. पंखाच्या पुढच्या कडेवरून हात फिरवतो, पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी, म्हणजे एलेरॉन, हलवून पाहतो, टाकीतलं थोडं इंधन काढून त्यात पाणी तर नाही ना ते तपासतो. ही फेरी अंगवळणी पडली की कळतं, उभ्या विमानाचे अवयव क्वचितच मधोमध असतात. एलेव्हेटर स्वतःच्या वजनाने खाली झुकतो आणि मग आत वैमानिकाच्या हातातली दांडी, म्हणजे स्टिकही, पुढे पडलेली असते. एक एलेरॉन वर असेल तर दुसरा खाली हवाच. मॉडेलमध्ये दोन्ही खाली चिकटवलेले मी पाहिलेत, आणि तसं विमान काही केल्या डोळ्यांना पटत नाही. सेसना १७२ या छोट्या विमानाला कंट्रोल लॉक, म्हणजे हे अवयव हलू नयेत म्हणून लावायची खीळ, लावलं, तर एलेरॉन सरळ आणि एलेव्हेटर किंचित खाली राहतो. मग मॉडेलच्या कॉकपिटमध्ये ते लॉकही दिसायला हवं.

प्रत्येक विमानाची खोड वेगळी. मस्टँग या दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाचं इंजिन बंद झालं की हायड्रॉलिक दाब हळूहळू उतरतो, फ्लॅप, म्हणजे उतरताना पंखाच्या मागे खाली सोडायच्या पट्ट्या, खाली येतात आणि चाकांची आतली झाकणं लोंबू लागतात. म्हणून उभ्या मस्टँगच्या फोटोंत ती बहुतेक वेळा उघडी दिसतात. नुकतीच थांबलेली मस्टँग दाखवायची असेल तर ती बंद ठेवता येतात, पण मग ते ठरवून केलेलं असावं. त्याच काळातल्या ब्रिटिश स्पिटफायरचं उलट आहे. तिचे फ्लॅप हवेच्या दाबावर चालतात आणि त्यांना दोनच जागा, पूर्ण वर नाहीतर पूर्ण खाली. उतरल्यावर टॅक्सी करण्याआधीच, म्हणजे जमिनीवरून चालवत नेण्याआधीच, वैमानिक ते वर घेत असे. तरी किटवाले फ्लॅपचे नक्षीदार पितळी भाग विकतात, आपण हौसेने ते खाली लावतो आणि स्पिटफायर तशीच उभी करतो. दुरुस्तीचा प्रसंग दाखवला तर ते शोभेल. एरवी मी ते वरच चिकटवतो, पितळ गेलं तरी चालेल.

टर्बोप्रॉप विमानांत, म्हणजे टर्बाइनवर पंखा फिरवणाऱ्या विमानांत, पीटी-६ इंजिन असेल, तर बंद केल्यावर तेलाचा दाब जातो आणि पंख्याची पाती फेदर होतात, म्हणजे त्यांच्या कडा समोर येतात. किटमधली पाती मात्र उड्डाणातल्या कोनात असू शकतात. ती कापून फिरवायला फार वेळ लागत नाही.

आता डाग आणि झीज. इथे फार गोंधळ होतो, म्हणून जरा रेंगाळतो. डाग दोन तऱ्हांनी पसरतो. हवेत असताना तेल, धूर, इंधन वाऱ्याबरोबर मागे ओढलं जातं. विमान उभं असताना गळलेला थेंब सरळ जमिनीकडे ओघळतो. शेपटाला चाक असलेलं विमान नाक वर करून उभं राहतं, तेव्हा बाजूवरचा हा ओघळ पॅनेलच्या, म्हणजे पत्र्यांच्या जोडाच्या, रेषांना तिरका जातो. मॉडेल हातात आडवं धरून रंगवणारा तो रेषांना काटकोनात काढतो आणि विमान चाकांवर ठेवल्यावर ओघळ पुढच्या दिशेने वाहिल्यासारखा दिसतो.

झिजेचंही असंच. माणूस जिथे पाय ठेवतो तिथला रंग उडतो. स्पिटफायरचं दार डाव्या बाजूला, म्हणून घासलेला रंग डाव्या पंखाच्या मुळाशी. पायपर चेरोकी या छोट्या विमानाला एकच दार आणि ते उजवीकडे, म्हणून तिथली पायवाट उजव्या पंखावर. सेसना १७२ मध्ये पंख डोक्यावर, इंधन बघायला वर चढावं लागतं, तेव्हा पायरी आणि धरायची मूठ पहा. दोन्ही बाजू सारख्याच झिजवलेलं विमान बघितलं की कळतं, हे नुसतं फोटोवरून केलंय.

प्रमाणाचं गणितही डोक्यात असू द्या. १/७२ म्हणजे खऱ्या सहा फुटांचा एक इंच. कोरलेली पॅनेल रेषा ०.२ मिलिमीटर रुंद असली तर खऱ्या विमानावर ती जवळजवळ दीड सेंटिमीटरची फट झाली. एवढ्या फटीचं विमान मी तरी उडवायला घेणार नाही. म्हणून त्या रेषांत काळाकुट्ट रंग भरू नये, मूळ रंगाचीच थोडी गडद छटा पुरते. पंखाची मागची कड अर्धा मिलिमीटर जाड राहिली तर ती खऱ्या विमानात ३६ मिलिमीटरची होते, दाराच्या फळीएवढी. दोन भाग जोडण्याआधी ती आतून घासून पातळ करा. बाकी प्रायमर, चकचकीत वार्निश, त्यावर डिकल म्हणजे खुणांची चिकटचित्रं, शेवटी मॅट वार्निश, हा क्रम सगळ्यांना ठाऊक आहे.

पण या सगळ्याच्या आधी येतो तो आकार. १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाने शाळकरी मुलांकडून १/७२ ची लाकडी विमानं करून घेतली, सैनिकांना विमानं ओळखायला शिकवण्यासाठी. ती नुसती काळी होती. पस्तीस फुटांवरून बघितली की अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानासारखी दिसत. रेषा नाही, डाग नाही, तरी ओळख पटायची. पंखांचा वर उचललेला कोन चुकला तर नुसत्या तपशिलांनी विमान सावरत नाही. म्हणून सिमेंट वाळेपर्यंत मी दोन्ही पंखांखाली आधार देऊन टोकांची उंची मोजत बसतो.

आणि विमान हवेत दाखवायचं असेल तर? मग चाकं वर घ्या. खाली ठेवलीच तर त्यांचे पाय लांब करा, कारण धक्के सोसणारा दांडा जमिनीवर वजनाने दबतो आणि हवेत पूर्ण बाहेर येतो. वळणारं विमान दाखवताना एलेरॉन भरपूर वळवण्याचा मोह होतो. खरं तर ते वळतात विमान कलत असताना. हवा तेवढा कल आला की वैमानिक स्टिक मध्याजवळ आणतो आणि विमान तसंच कललेलं वळत राहतं. तेव्हा ठरलेल्या वळणात एलेरॉन जवळजवळ सरळच ठेवा, स्टिक मात्र किंचित मागे घेतलेली आणि एलेव्हेटर तेवढाच वर. आणि वैमानिक आत बसवायला विसरू नका. किटमधला बहुतेक वेळा हात मांडीवर ठेवून नाकासमोर बघतो. वळणात कुणी तसं बघत नाही. धारदार सुरीने त्याची मान कापा, डोकं वळणाच्या दिशेने फिरवा आणि पुन्हा चिकटवा. उजवा हात स्टिकवर, डावा थ्रॉटलवर. मग कॅनॉपी, म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण, लावा.