चौथा चरण

मंडळी, माझी आजी निरक्षर होती, आणि माझी पहिली संपादक तीच. श्रावणात दिवेलागण झाली की ती मला पाटावर बसवून श्रीधरस्वामींचा ‘हरिविजय’ वाचायला लावायची. घरातले बोलणे कोंकणी, पोथी मराठी. यातली एक भाषा परकी आहे असे आम्हांला कधी वाटले नाही. मी घाईत एखादा शब्द गिळला की फुलवाती वळणारा तिचा हात थांबायचा. “बाबा, परतून वाच. कितें तरी चुकलें.” काय चुकले ते तिला सांगता येत नसे. पण चूक असायचीच.

पुढे ओवी शिकलो तेव्हा उलगडा झाला. ग्रंथातल्या ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड आणि बहुधा मोकळा. वाचणारा तिथे श्वास घेतो. आजी नेमकी तिथे ‘हूं’ म्हणायची. ती जागा ऐकणाऱ्याची.

फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात आले, जन्माने इंग्रज. ख्रिस्ताची कथा सांगणारे त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये गोव्यातल्याच रायतूरला छापले गेले. 10,000हून अधिक ओव्या, मराठी, पण रोमन लिपीत. मी ते पहिल्यांदा उघडले तेव्हा पान अगदी अनोळखी वाटले, डोळा पुढे सरकेना. मग मोठ्याने वाचू लागलो आणि चौथ्या चरणावर आपोआप थांबलो. आजीचे ‘हूं’ ऐकू आले, खरेच सांगतो. धर्मांतरानंतर ज्यांच्या जुन्या पोथ्या हिरावून घेतल्या गेल्या, त्यांच्याशी बोलायचे तर त्यांच्या कानाला सवयीचा घाट लागतो, हे त्या पाद्रीला उमगले होते. त्या हिरावण्याचे दुःख मला आजही आहे. त्या ओव्यांवरचे प्रेमही तितकेच आहे.

आता माझ्या लेखनाविषयी थोडे. गोव्याच्या सांगे तालुक्यातल्या कुर्डी गावावर मी दोनदा कादंबरी लिहायला घेतली. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचे कुर्डी, साळावली धरणात गेलेले. दोन्ही वेळा प्रत्येक घर, झाड, पाणंद भरभरून वर्णिली आणि वाचताना गाव कुठेच दिसेना. मी चौथा चरणही लांबवत होतो. वाचणाऱ्याला शिरायला जागाच नव्हती.

उन्हाळ्यात पाणी ओसरले की कुर्डी वर येते. भिंती नाहीत, छपरे नाहीत. चौथरे, विहिरी, सोमेश्वराचे देऊळ. मे महिन्यात मी तिथे गेलो होतो. एक म्हातारी बाई चिखल वाळून तडकलेल्या चौथऱ्यावर चढली, दोन पावले डावीकडे सरकली, नातीला म्हणाली, “ही आमची रांदचीकूड.” म्हणजे स्वयंपाकघर. नात वाकून पलीकडे गेली. तिथे दार होते, आणि ते ठेंगणे होते, हे तिला कुणीही सांगितले नव्हते.