बाटलीवरचा आकडा

लिंडा रिचर्ड्सचं नाव आलं की पाठोपाठ 'अमेरिकेची पहिली प्रशिक्षित परिचारिका' हे बिरुद येतंच. त्या पहिलेपणाचं मला फारसं कौतुक नाही. पाच मुलींच्या तुकडीत तिचं नाव आधी नोंदलं गेलं, म्हणून पदविकाही आधी हातात पडली, इतकंच. मला आज बोलायचंय ते औषधाच्या बाटल्यांबद्दल.

आई क्षयाने गेली, तेव्हा उशाशी लिंडाच होती. यादवी युद्धातून जखमी होऊन परतलेल्या वाग्दत्त वराचंही तिनेच केलं. तोही 1869 मध्ये गेला. पुढच्या वर्षी ती बॉस्टनच्या सरकारी इस्पितळात कामाला लागली. तिथली नर्स म्हणजे जवळजवळ मोलकरीणच. शिकवणारं कोणी नाही. तीनेक महिन्यांत तिने ते काम सोडलं.

1872 मध्ये बॉस्टनलाच, स्त्रिया आणि मुलांसाठीच्या न्यू इंग्लंड हॉस्पिटलात, प्रशिक्षणवर्ग सुरू झाला. त्याची घडी बसवणारी डॉ. सुझन डिमॉक अवघी 25 वर्षांची. हार्वर्डने प्रवेश नाकारला म्हणून ती झुरिकला जाऊन डॉक्टर झाली होती. (या बाईवर खरं तर वेगळं व्याख्यान हवं. 1875 मध्ये जहाज बुडून गेली बिचारी.) मुलींचा दिवस पहाटे साडेपाचला सुरू व्हायचा, रात्री नऊला संपायचा. झोपायच्या खोल्या वॉर्डांच्या मधोमध, म्हणजे रात्रीही कान उघडेच. पंधरवड्यातून एक दुपार मोकळी, दोन ते पाच. पाठ्यपुस्तक नाही.

आणि बाटल्या! त्यांवर औषधाचं नाव नसे, नुसता आकडा. नर्सला औषधाचं नाव कळू नये याची मुद्दाम खबरदारी घेतलेली. रोग्याच्या घशाखाली काय उतरवतोय, हे उतरवणाऱ्या हातालाच ठाऊक नाही! आणि हे कुठे, तर बायकांनी बायकांसाठी चालवलेल्या इस्पितळात.

पुढचा प्रवास भरभर सांगते. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या प्रशिक्षणशाळेची प्रमुख, 1877 मध्ये इंग्लंडला जाऊन फ्लॉरेन्स नाइटिंगेलची भेट, 1886 पासून क्योतोत पाच वर्षं जपानी मुलींना शिकवणं, नंतर मनोरुग्णालयांतलं काम. 1911 मध्ये निवृत्त झाली, तेव्हा ती सत्तरीची होती.

पण पदविकेनंतरची पहिली नोकरी मी मुद्दाम मागे ठेवली. न्यूयॉर्कचं बेलव्ह्यू हॉस्पिटल, रात्रपाळीची प्रमुख. गॅसचे दिवे इतके मंद की रोग्याचा चेहरा ओळखू येऊ नये. मेणबत्त्या मिळायच्या त्याही मोजून. रात्रीची नर्स सकाळी जाताना तोंडी सांगून जाई: अमक्याला ताप, तमका झोपला नाही. आठवेल तेवढं. लिंडा ते कागदावर उतरवू लागली. रात्री रोग्याचं काय झालं, त्याला काय दिलं. तो कागद डॉक्टरांच्या नजरेस पडला, उपयोगी वाटला, आणि नर्सने लेखी नोंद ठेवायची हा तिथला रिवाज झाला. वर्षभरापूर्वी जिच्यापासून औषधाचं नाव लपवलं जात होतं, तिच्याच अक्षरातली नोंद वाचून आता डॉक्टर सकाळची फेरी सुरू करत होते.