राधानगरीचा काजवा आणि पेशीतला पत्ता

[दृश्य: राधानगरीचं जंगल, अंधार पडलेला]

मे सरत आला, एखाद-दुसरा वळीव झाला, की कोल्हापूरची मंडळी राधानगरीची वाट धरतात. काजवे बघायला. फोटो काढायच्या भानगडीत पडू नये, त्यात काही येत नाही.

हा उजेड पाडणारं प्रथिन म्हणजे ल्युसिफरेज. काजव्याच्या पोटाखालच्या पेशींत, पेरॉक्सिझोम नावाच्या इवल्या पिशव्यांमध्ये ते असतं. आपल्या यकृतातही अशा पिशव्या आहेत. लांबलचक मेदाम्लं तोडायची आणि त्यातून निघणारं हायड्रोजन पेरॉक्साइड तिथल्या तिथं निकामी करायचं, हे त्यांचं काम. पण त्यांना स्वतःचा डीएनए नाही. आतली प्रथिनं बाहेर, पेशीद्रवात बनतात.

मग कुठलं आत घ्यायचं, हे ठरतं कसं?

१९८७ साली कॅलिफोर्नियात सुरेश सुब्रमणी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या काजव्याचं ल्युसिफरेज सस्तन प्राण्याच्या पेशीत बनवलं. ते नेमकं पेरॉक्सिझोममध्ये जाऊन बसलं! कुठला कीटक, कुठला सस्तन प्राणी, पण पत्ता चालला. १९८९ पर्यंत तो वाचताही आला: साखळीच्या शेवटची तीन अमिनो आम्लं. सेरिन, लायसिन, ल्युसिन. हीच तीन भलत्या प्रथिनाच्या टोकाला जोडली, तर तेही आत जातं.

[दृश्य: कोल्हापूर मार्केट यार्ड, गुळाचा सौदा]

हे टोक ओळखणारं प्रथिन म्हणजे पेक्स-५. गुळाचे रवे वाहणाऱ्या हमालासारखा तो माल उचलतो, पेक्स-१३ आणि पेक्स-१४च्या दारातून आत टाकतो आणि पुढच्या खेपेला परत येतो. मायटोकॉन्ड्रियात शिरताना बहुतेक प्रथिनांची घडी उलगडावी लागते. इथं मात्र घडी घातलेलं प्रथिन तसंच जातं. प्रयोगात तर ९ नॅनोमीटरचे सोन्याचे कणही आत गेलेत.

[दृश्य: पेशीचं अॅनिमेशन]

माझ्या मते खरी गंमत पेक्स-५च्या परतीत आहे. त्याच्यावर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण चढते, मग पेक्स-१ आणि पेक्स-६ ही प्रथिनं एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्चून त्याला अक्षरशः ओढून बाहेर काढतात. पेक्स-१ बिघडलं की पेक्स-५ अडकतो आणि आवक थंडावते. झेल्वेगर गटातल्या जन्मजात आजारांचं हे सर्वांत मोठं कारण. न तुटलेली अतिलांब मेदाम्लं साचत जातात, म्हणून अशा बाळाच्या बाबतीत शंका आली, की डॉक्टर आधी रक्तात तीच मोजायला सांगतात.