‘पहिला’ ऐकलं की हात बझरवरून काढा

पुढे या रे, मागे कशाला बसताय, इथे जागा आहे. हां. तर पुढच्या शनिवारी आपल्याकडे इंटर-कॉलेज क्विझ आहे आणि मला सांगितलंय की मुलांशी जीकेबद्दल थोडं बोला. मी केमिस्ट्री शिकवते, पण क्विझचं वेड कॉलेजपासूनचं, आधी खेळायचे आणि आता बरीच वर्षं प्रश्न काढते, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू बघून झाल्यात. तुमच्या हातात ती जाडजूड जीकेची पुस्तकं दिसतायत, पहिले राष्ट्रपती, पहिली महिला अमुक, पहिला तमुक, सगळं दोन रकान्यांत. पाठ करा, जरूर करा. पण मला आज या एका शब्दाबद्दलच बोलायचंय, ‘पहिला’. फायनलमध्ये या शब्दापायी जितके मार्क गेलेले मी बघितलेत तितके दुसऱ्या कशापायी नाही बघितले.

माझंच सांगते. सेकंड इयरला होते, फायनल, शेवटचा बझर राउंड, आम्ही पाच मार्कांनी पुढे. क्विझमास्टर म्हणाले, “भारतात रुळांवरून पहिली गाडी धावली...” आणि मी दाबला. बोरीबंदर ते ठाणे, १६ एप्रिल १८५३, एका दमात सगळं सांगितलं. ते थांबले, म्हणाले चूक, आणि प्रश्न पूर्ण वाचला: “...ती मद्रासजवळ, १८३७ साली. तर त्या गाडीतून काय वाहून न्यायचे?” दगड. रस्ते करायला लागणारा दगड. निगेटिव्हमुळे आमची लीड गेली आणि कपही गेला. मला त्या रात्री झोप नाही आली, कप गेला म्हणून वाईट वाटलंच, पण मी जे सांगितलं त्यातलं अक्षरही खोटं नव्हतं आणि तरी उत्तर चुकलं होतं हे जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी लायब्ररीत बसून काढलं. मद्रासजवळच्या रेड हिल्सची लाइन १८३७ ची, दगड वाहायची. मग १८५१, रुरकी, तिथे गंगा कालव्याचं काम चालू होतं, सोलानी नदीवरून कालवा पलीकडे न्यायला जलसेतू बांधत होते आणि त्याची माती वाहायला इंजिन आणलं, त्याचं नाव थॉमसन. आणि मग १८५३ ची आपली बोरीबंदर-ठाणे, चौदा डबे, साधारण चारशे माणसं, ओढायला तीन इंजिनं साहिब, सिंध आणि सुलतान, एकवीस तोफांची सलामी. ही आहे पहिली ‘प्रवासी’ गाडी. तिकडे माती आणि दगड गेले, इकडे माणसं बसली. म्हणजे भांडण नाहीच कुठे, तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, फक्त ‘पहिली’ च्या पुढचा शब्द बदलला की गाव बदलतं, साल बदलतं. तुमच्या त्या दोन रकान्यांच्या पुस्तकात तो पुढचा शब्दच गाळलेला असतो, आणि प्रश्न काढणारा नेमका तिथेच बसलेला असतो. मी स्वतः बसते, म्हणून सांगते.

आता सिनेमा घ्या. पहिला भारतीय सिनेमा कुठला म्हटलं की सगळा हॉल ओरडणार, राजा हरिश्चंद्र, फाळके, ३ मे १९१३, गिरगावचं कॉरोनेशन थिएटर. बरोबर. पण त्याच कॉरोनेशनमध्ये जवळजवळ एक वर्ष आधी, १८ मे १९१२ ला, दादासाहेब तोरण्यांचा पुंडलिक लागला होता. मग तो पहिला का धरत नाहीत? तर तो बराचसा रंगमंचावरचं नाटक कॅमेऱ्यासमोर करून घेतलेला, कॅमेरामन इंग्रज, फिल्म धुवायला लंडनला गेलेली. कोणाला हे कारण पटतं, कोणाला पटत नाही, तोरण्यांना न्याय मिळाला नाही असं मानणारे जाणकार लोक आहेत आणि मला स्वतःला त्यांच्या म्हणण्यात वजन वाटतं. आणि नुसती ‘फिल्म’ म्हटली तर त्याच्याही मागे जा, १८९९ ला सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, मुंबईत हँगिंग गार्डनला कुस्ती शूट केली होती. म्हणून प्रश्नात ‘पूर्ण लांबीचा कथापट’ आलं की बिनधास्त फाळके सांगा, ते नसेल तर वाक्य संपेपर्यंत थांबा. यातलं अजून एक आवडतं सांगते, तारामतीचं काम करायला बाई मिळेना म्हणून फाळक्यांनी हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके घेतले, आणि पुढे १९१७ च्या लंकादहनमध्ये याच साळुंक्यांनी राम पण केला आणि सीता पण. हा प्रश्न मी तीन वेळा विचारलाय, तिन्ही वेळा हॉल खूश.

खाशाबा जाधव पटकन उरकते. १९५२, हेलसिंकी, कुस्ती, कांस्य. गाव कऱ्हाडजवळचं गोळेश्वर. ‘भारताचं पहिलं ऑलिम्पिक मेडल’ म्हणू नका, १९०० साली पॅरिसला नॉर्मन प्रिचर्डची दोन रौप्यं आहेत, आणि हॉकीची सुवर्णं त्याआधीची. ‘स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक’, हे चार शब्द एकत्र पाठ करा, यातला एकही सुटला की उत्तर गेलं. आणि त्यांना पाठवायला पैसे नव्हते तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून सात हजार उभे केले, हे परीक्षेसाठी नाही, असंच लक्षात ठेवा. मग महाराष्ट्राला पुढचं वैयक्तिक मेडल कधी? २०२४, पॅरिस, स्वप्नील कुसाळे, नेमबाजी. मध्ये बहात्तर वर्षं.

पहिली महिला डॉक्टर. हा प्रश्न मला जवळचा आहे म्हणून जरा थांबते. आनंदीबाई जोशी, जन्म १८६५, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजमधून १८८६ ला एम.डी. त्याच १८८६ ला कलकत्त्यात कादंबिनी गांगुली मेडिकल कॉलेजमधून बाहेर पडल्या आणि त्यांनी पुढे प्रॅक्टिस केली. आनंदीबाईंना कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात काम मिळालं होतं पण क्षयाने २६ फेब्रुवारी १८८७ ला त्या गेल्या, बावीस पण पूर्ण नव्हती, म्हणजे आत्ता इथे बसलेल्या एम.एस्सी.च्या मुलींएवढ्या. आणि आपल्या रखमाबाई, त्या १८९४ ला लंडनहून शिकून आल्या, सुरतला आणि मग राजकोटला वर्षानुवर्षं पेशंट बघितले. आता सांगा, पहिली कोण? परदेशातून पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी घेणारी की देशात शिकून दवाखाना चालवणारी? लोक यावर बंगाली-मराठी अशी भांडणं करतात, मला ती अजिबात आवडत नाहीत, तिघीही डोंगराएवढ्या आहेत. आनंदीबाईंच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यात पकीप्सी गावी कारपेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत आहेत. आणि शुक्र ग्रहावर एका विवराला त्यांचं नाव दिलंय, जोशी. शुक्रावरच्या मोठ्या विवरांना नामवंत स्त्रियांची नावं देतात, हा नियम माहीत असेल तर असा प्रश्न अर्धा तिथेच सुटतो.

आता माझ्या विषयावर येते. हा जरा मोठा आहे, ऐका.

दरवर्षी ऑगस्ट आला की मोबाइलवर मेसेज फिरतो, हेलियमचा शोध आपल्या विजयदुर्ग किल्ल्यावर लागला, १८ ऑगस्ट १८६८, लॉकयर नावाच्या साहेबाने लावला, किल्ल्यावर साहेबाचे कट्टे अजून आहेत. मी पण हे वर्गात सांगितलंय. हो, सांगितलंय, आणि नंतर शोधून बघितलं तेव्हा कळलं की यात दोन ग्रहणं एकात मिसळलीत, मग पुढच्या तासाला वर्गात जाऊन दुरुस्त केलं.

झालं असं. १८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास सूर्यग्रहण होतं आणि सावलीचा पट्टा भारतावरून गेला. फ्रान्सचे खगोलशास्त्रज्ञ जान्सेन बसले होते गुंटूरला, आंध्रात. एक इंग्रज तुकडी होती जमखंडीला, म्हणजे पटवर्धनांच्या संस्थानात, तिथे लेफ्टनंट जॉन हर्शेल, खगोलशास्त्रज्ञांच्या त्या प्रसिद्ध हर्शेल घराण्यातले. या सगळ्यांकडे स्पेक्ट्रोस्कोप होता, म्हणजे प्रकाश फोडून त्यातले रंग आणि रेघा वेगळ्या दाखवणारं यंत्र. तुम्ही लॅबमध्ये मीठ ज्योतीत धरता तेव्हा कसं पिवळं दिसतं? ते सोडियम. स्पेक्ट्रोस्कोपमधून त्या पिवळ्यात दोन रेघा अगदी चिकटून दिसतात, त्यांना डी-वन आणि डी-टू म्हणतात. ग्रहणात सूर्याच्या कडेला ज्या लाल ज्वाळा दिसतात त्यांच्या प्रकाशात पण एक पिवळी रेघ दिसली, आणि बघणाऱ्या बऱ्याच जणांना वाटलं सोडियमच असेल.

लॉकयर त्या वेळी भारतात नव्हतेच, इंग्लंडमध्ये होते. त्यांनी ऑक्टोबर १८६८ ला, ग्रहण नसताना, साध्या दिवसाढवळ्या सूर्याच्या कडेच्या त्या ज्वाळांचा स्पेक्ट्रम घेतला. आणि गंमत बघा, जान्सेननी गुंटूरला ग्रहणाच्या दुसऱ्याच दिवशी तेच करून दाखवलं होतं, दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी पुढे आली, म्हणून फ्रान्सने दोघांचे चेहरे असलेलं एकच पदक काढलं. लॉकयरनी मात्र पुढचं पाऊल टाकलं, ती पिवळी रेघ सोडियमच्या जागेवर बसत नाही, जरा बाजूला आहे, म्हणून तिला डी-थ्री म्हटलं आणि पृथ्वीवर माहीत असलेल्या कुठल्याच मूलद्रव्याशी ती जुळेना. ग्रीकमध्ये सूर्य म्हणजे हेलिओस, त्यावरून हेलियम.

आता हे नाव नीट बघा. निऑन, आर्गॉन, क्रिप्टॉन, झेनॉन, सगळे ‘ऑन’, आणि त्यांच्याच रांगेत पहिला बसलेला हेलियम एकटा ‘इयम’, सोडियम-पोटॅशियमसारखा. का? कारण तेव्हा वाटलं होतं हा धातू असणार. वायू आहे हे कळायला १८९५ उजाडलं, लंडनमध्ये विल्यम रॅम्झीनी युरेनियमच्या एका खनिजातून निघालेला वायू तपासला आणि तीच डी-थ्री रेघ समोर. तोपर्यंत नाव रुळलं होतं. म्हणजे त्या वेळचा चुकीचा अंदाज आजही तुमच्या पिरियॉडिक टेबलमध्ये लिहिलेला आहे, आणि मला यासाठीच हे टेबल इतकं आवडतं.

मग विजयदुर्गाचं काय, सगळंच खोटं? नाही ना! २२ जानेवारी १८९८ ला दुसरं खग्रास ग्रहण झालं, त्याचा पट्टा आपल्या कोकणातून वर देशावर गेला, आणि त्या वेळी लॉकयर खरंच विजयदुर्गला आले होते, तंबू, दुर्बिणी, नौदलाची माणसं, सगळा लवाजमा घेऊन. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्रोफेसर कावसजी नायगमवाला जेऊरला दुर्बिणी लावून बसले होते, आपल्याकडच्या एका प्राध्यापकाने एवढी मोहीम स्वतः उभी केली होती आणि त्यांचं नाव मात्र कुठल्याच मेसेजमध्ये येत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तर किल्ला खरा, साहेब खरा, ग्रहण खरं, फक्त साल तीस वर्षांनी पुढे आणि हेलियम तोवर सापडून गेलेला. शनिवारी कोणी विचारलं की लॉकयरनी विजयदुर्गवरून कुठल्या सालचं ग्रहण बघितलं, तर १८९८ सांगा, कोणी काही म्हणो. आपल्या किल्ल्याचा अभिमान मला पण आहे, देवगडकडे गेले की दर वेळी जाऊन येते, पण अभिमानाला खरी तारीख पुरते.

हे एवढं मोठं का सांगितलं, तर यातून तुम्हाला किती प्रश्न मिळाले बघा, जान्सेन, गुंटूर, जमखंडी, डी-थ्री, इयम-ऑन, रॅम्झी, १८९८, जेऊर. एक गोष्ट मुळापासून वाचली की सात-आठ उत्तरं आपोआप हाताला लागतात आणि ती विसरत नाहीत, कारण ती एकमेकांना धरून असतात. मी अजून तशीच वही ठेवते, डाव्या पानावर प्रश्न, उजव्या पानावर ‘का’, आणि उजवं पान रिकामं राहिलं तर तो प्रश्न स्पर्धेत घेत नाही.

अजून दोन-चार सापळे झटकन सांगते, लिहून घ्या. महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर, पण पश्चिम घाटातलं विचारलं तर अनैमुडी, केरळ, २६९५. मराठी भाषा गौरव दिन २७ फेब्रुवारी, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, आणि मराठी राजभाषा दिन १ मे. कल्पना चावला ‘भारतीय वंशाची’ पहिली महिला अंतराळवीर, ‘वंशाची’ विसरू नका, अंतराळात गेलेले पहिले भारतीय नागरिक राकेश शर्मा, १९८४. जगातली पहिली महिला पंतप्रधान श्रीलंकेची, सिरिमावो बंदरनायके, १९६०, इंदिराजी १९६६.

आणि पाउन्सचं सांगते, म्हणजे आपली पाळी नसताना उत्तर कागदावर लिहून देतात तो प्रकार, टीममध्ये एकाने तरी वाक्य संपेपर्यंत पेन खाली ठेवायचं, त्याचं काम फक्त ऐकायचं. दोघंही उत्तर आठवत बसलात की प्रश्न कोणीच ऐकत नाही.

चला, बझर लावलेत ना? दोन-दोनच्या टीम करा, मी वाचते. पहिला प्रश्न. “पृथ्वीला पहिली प्रदक्षिणा घालायला स्पेनहून निघालेल्या ताफ्याचा...” कोण, कोणी दाबला? मॅगेलन? थांब, बस. ‘ताफ्याचा’ वर दाबलास तू. पूर्ण ऐक. “...ताफ्याचा प्रमुख १५२१ साली फिलिपिन्समध्ये मारला गेला, तर पाच जहाजांपैकी जे एकच जहाज प्रदक्षिणा पूर्ण करून १५२२ ला परत पोचलं त्याचा कप्तान कोण?” हां, आता कोणाचा हात वर आहे? मागची मुलगी, निळी ओढणी, बोल. एल्कानो. आणि जहाजाचं नाव? व्हिक्टोरिया. शाब्बास, दहा मार्क. पुढचा प्रश्न.