ऑक्टेव्हियानं ऐकलेला सर्ग

श्रोतेहो, नमस्कार.

ट्रॉयचा लाकडी घोडा तुम्हाला ठाऊक आहे. ते शहर जळालं तेव्हा म्हाताऱ्या बापाला खांद्यावर घेऊन आणि पोराचा हात धरून बाहेर पडला तो ईनिअस. व्हर्जिल या रोमन कवीनं त्याच्यावर लॅटिनमध्ये १२ सर्गांचं महाकाव्य रचलं, 'ईनिड'. इटलीत जा, रोमचं बी तिथे पेर, असा देवांचा हुकूम. वाटेत वादळानं त्याला आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, कार्थेजला आणून टाकलं. तिथली राणी डिडो. सख्ख्या भावानं तिच्या नवऱ्याचा खून केला, तेव्हा माणसं घेऊन समुद्र ओलांडून आलेली आणि नवं शहर बांधायला काढलेली बाई.

ती ईनिअसच्या प्रेमात पडते. व्हर्जिल म्हणतो, बाण लागलेली हरिणी जशी. मेंढपाळानं लांबून बाण सोडला, तो लागला हे त्याला कळलंही नाही, आणि ती कुशीत बाण घेऊन रानभर धावते आहे. त्याला कळलंही नाही, हे ध्यानात ठेवा. बुरुजांचं काम थांबतं. मग देवांचा दूत ईनिअसला जागं करतो आणि तो गुपचूप जहाजं तयार करायला लावतो. डिडोला सुगावा लागतो, ती जाब विचारते. तो म्हणतो, "इटलीला मी माझ्या मर्जीनं जात नाही." मूळ लॅटिनमध्ये ही ओळ अर्धीच आहे. इ. स. पू. १९ मध्ये व्हर्जिल वारला तेव्हा काव्यावर अखेरचा हात फिरायचा होता, आणि अशा पन्नासेक ओळी अर्ध्या राहून गेल्या. ही एक तशीच राहिली याचं मला समाधान आहे. त्यापुढे बोलण्यासारखं त्याच्यापाशी काय उरलं होतं? ती चितेवर चढते, त्याचीच तलवार स्वतःला मारून घेते. तो जहाजावरून मागे बघतो, तर शहराचा तट उजळलेला.

ईनिअसला व्हर्जिल सारखा 'पिउस' म्हणतो. त्याचं मराठीत कुणी 'धार्मिक' केलं की मला राहवत नाही. देव, बाप, मुलगा, देश या सगळ्यांचं देणं फेडणारा तो पिउस. आपला 'धर्म' हा शब्द, धर्मराजाच्या नावातला, त्याच्या बराच जवळ जातो.

आता ज्यासाठी मी बोलायला बसले आहे ती गोष्ट.

रोमन सम्राट ऑगस्टसची बहीण ऑक्टेव्हिया. भाऊ आणि सत्तेतला त्याचा प्रतिस्पर्धी मार्क अँटनी यांच्यात समेट टिकावा म्हणून तिचं अँटनीशी लग्न लावलं. अँटनी पूर्वेला गेला आणि इजिप्तची राणी क्लिओपात्रा हिचा झाला. तरी इ. स. पू. ३५ मध्ये ही बाई नवऱ्यासाठी सैनिक, कपडे, पैसे घेऊन निघाली. अथेन्सला पोचली तर त्याचं पत्र: तिथेच थांब. तीन वर्षांनी त्यानं तिला रोममधल्या आपल्या घरातून बाहेर काढलं. पुढे अँटनी आणि क्लिओपात्रा दोघंही मेली, तेव्हा सवतीची मुलं कुणी वाढवली? ऑक्टेव्हियानं. अँटनी-क्लिओपात्रावर जगभर नाटकं होतात, त्यांत हिच्या वाट्याला चार वाक्यं येतात. मला ते फार लागतं.

पहिल्या लग्नाचा तिला एक मुलगा होता, मार्सेलस. ऑगस्टसचा जावई, पुढचा वारस म्हणून सगळ्यांच्या नजरेतला. इ. स. पू. २३ मध्ये, विशीच्या उंबरठ्यावर, तो आजारी पडून गेला.

त्यानंतर व्हर्जिलनं ऑगस्टससमोर आपलं काव्य वाचलं. दुसरा, चौथा आणि सहावा सर्ग. तो सुरेख वाचायचा. एक रोमन कवी म्हणे की, व्हर्जिलचा आवाज चोरता आला तर त्याच्या ओळीही चोरीन. कविता कानांनीच घ्यावी, घरात रात्री एकानं वाचावी आणि बाकीच्यांनी ऐकावी. ही रीत गेली, आणि कवितेचं निम्मं बळ तिच्याबरोबर गेलं.

सहाव्या सर्गाला ऑक्टेव्हिया समोर होती. या सर्गात ईनिअस पाताळात उतरतो. तिथे अंधारात त्याला डिडो दिसते. तो रडतो. "राणी, तुझा किनारा मी नाइलाजानं सोडला," म्हणतो. ती बोलत नाही. जमिनीवर नजर, चेहरा गारगोटीसारखा. एक शब्द न बोलता ती वळते आणि पहिल्या नवऱ्याकडे निघून जाते. एक शब्द न बोलता. नवऱ्यानं आफ्रिकेतल्या राणीसाठी टाकलेली बाई हे ऐकते आहे.

वाचन पुढे चालतं. ईनिअसचा बाप त्याला अजून जन्माला यायचे असलेले रोमन वीर दाखवतो. सगळ्यांत शेवटी एक देखणा तरुण, पण डोळे खाली, डोक्याभोवती रात्र घोंगावते आहे. हा कोण? व्हर्जिल नाव लगेच घेत नाही. वीसेक ओळी तो नावाशिवाय रडवतो. आणि मग, "तू मार्सेलस होशील. ओंजळी भरभरून लिली द्या मला."

ऑक्टेव्हिया बेशुद्ध पडली. मोठ्या कष्टानं तिला शुद्धीवर आणावं लागलं, असं व्हर्जिलच्या प्राचीन चरित्रात आहे.

मुलामागे ती १२ वर्षं जगली. रोमन लेखक सेनेका सांगतो, मार्सेलसची एकही तसबीर तिनं ठेवू दिली नाही, कुणाला त्याचं नाव काढू दिलं नाही. त्याच्यावर रचलेल्या कविता कुणी घेऊन आलं, तर त्या तिनं नाकारल्या.