नफ्याआधीचा हिशेब

(दृश्य : गांधीसागरचा काठ, मग एम्प्रेस मॉलची गर्दी)

आज इथे खरेदीला येणाऱ्या नागपूरकरांच्या पायाखाली मिलची जमीन आहे. १ जानेवारी १८७७. दिल्लीत व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली, आणि त्याच दिवशी जुम्मा तलावाजवळच्या (आजच्या गांधीसागरजवळच्या) दलदलीत भर घालून उभारलेली जमशेटजी टाटांची गिरणी सुरू झाली. म्हणून ती एम्प्रेस मिल.

कापूस विदर्भाचा, कोळसा वरोऱ्याचा, रेल्वे दाराशी. हिशेब पक्क्या व्यापाऱ्याचा होता. मजुरीच्या दरावरून त्याच वर्षी इथे संपही झाला. देशातल्या पहिल्या नोंदलेल्या संपांपैकी तो एक.

मिलची खरी अडचण हजेरीची होती. रोज कितीतरी कामगार येतच नसत. दंड लावून वचक बसवणं सोपं होतं. पण इथे खात्यांमध्ये हवा खेळती ठेवायची सोय झाली, आगीपासून बचावाची यंत्रणा आली. १८८६ मध्ये पेन्शन फंड, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई. भरपाईचा कायदा यायला १९२३ उजाडलं!

आम्ही इतरांपेक्षा जास्त परोपकारी असल्याचा दावा करत नाही, असं जमशेटजींनी स्वच्छ सांगितलं होतं. कामगारांचं आरोग्य आणि कल्याण हा आपल्या भरभराटीचा पाया, असं ते मानत. या सांगण्यात मालकाचा स्वार्थ उघड आहे, आणि म्हणूनच आमचा त्यावर विश्वास बसतो. माणूस टिकला तर मिल टिकेल, एवढं त्यांना कळलं होतं. पुढे मिल सरकारी महामंडळाकडे गेली आणि अखेर बंद पडली.

(दृश्य : नागपूरजवळची बुटीबोरी एमआयडीसी, पाळी सुटण्याची वेळ)

२०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजासाठी खर्च करायला लावले. त्यातून शाळा उभ्या राहतात, दवाखाने चालतात. ते हवंच आहे. पण स्वतःच्या कर्मचाऱ्यांवरचा खर्च या २ टक्क्यांत धरता येत नाही. तेही बरोबरच आहे, कारण कामगाराचं देणं नफा मोजण्याआधीचं आहे.

गेटमधून बाहेर पडणारे बरेच जण ठेकेदाराचे. काम कंपनीचं, नाव ठेकेदाराच्या रजिस्टरात. पीएफ कापला, पण तो भरला का, हे कामगाराने कोणाला विचारायचं? कायद्याने शेवटची जबाबदारी मूळ मालकाची, म्हणजे कंपनीचीच आहे.

म्हणून कंपन्यांकडे आमची एकच मागणी आहे. वार्षिक अहवालात २ टक्क्यांचे फोटो छापता, त्याच पानावर ठेकेदाराच्या माणसांचा पीएफ कोणत्या महिन्यापर्यंत भरला आहे, तेही छापा.