सोलापूरच्या जाहिरातीला सिनेमावाल्याची गरज का आहे?

नमस्कार मंडळी! आजचा व्हिडिओ दोन प्रकारच्या लोकांसाठी आहे. एक, ज्यांचं सोलापुरात दुकान, कारखाना किंवा घरगुती उद्योग आहे. आणि दुसरे, जे हुतात्मा स्मृती मंदिरात नाटकं करतात, मोबाईलवर शॉर्टफिल्म काढतात. तुम्ही एकाच गावात राहता, पण एकमेकांकडे कामासाठी जात नाही. ते मला मनापासून खटकतं.

नवी पेठेतून एक चक्कर मारा आणि फ्लेक्स वाचा. मालकाचा फोटो, मालाची यादी, तीन मोबाईल नंबर, कोपऱ्यात ऑफर. व्हिडिओ जाहिरातही तशीच असते: ड्रोनचा शॉट, नेटवरून उचललेलं संगीत आणि पुणेरी आवाजातला व्हॉइसओव्हर. नाव झाकलं तर ती कुठल्याही गावातल्या कुठल्याही दुकानाची वाटेल. याचा दोष मालकाला देता येत नाही. रोज माल हाताळणाऱ्याला मालातलं वेगळेपण दिसेनासं होतं, म्हणून तर बाहेरची नजर लागते.

चादरीचंच बघा. मालक सांगणार, शंभर टक्के कॉटन, पक्का रंग. खरं आहे, पण हे सगळेच सांगतात. आता एखाद्या दिग्दर्शकाला सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या वस्तीत घेऊन जा. त्याच्या कानावर आधी यंत्रमागाची खटखट पडेल, आणि त्या तालावरच जाहिरातीचं संगीत उभं राहू शकतं. जॅकार्डचं, म्हणजे मागावरच विणलेलं डिझाइन चादरीच्या दोन्ही बाजूंना कसं उमटतं, ते तो कॅमेरा जवळ नेऊन दाखवेल. मग तो विचारेल, ही चादर जाते कुठं? जाते ती पुण्याला शिकायला निघालेल्या पोराच्या बॅगेत. तो म्हणतो, जागा नाही. आई म्हणते, राहू दे. तीस सेकंदांची गोष्ट इथंच सापडली, आणि 'कॉटन' हा शब्द उच्चारायचीसुद्धा गरज पडली नाही.

[पडद्यावर: १९८४]

हे जगात कसं घडलं, त्याचं एक उदाहरण सांगतो. अ‍ॅपलला मॅकिन्टॉश हा कॉम्प्युटर बाजारात आणायचा होता. कल्पना जाहिरात एजन्सीची होती, पण ती पडद्यावर आणायला बोलावलं रिडली स्कॉट यांना. 'एलियन' आणि 'ब्लेड रनर' हे त्यांचे चित्रपट तोवर येऊन गेले होते. जाहिरातीत प्रत्यक्ष कॉम्प्युटर एकदाही दिसत नाही. दिसतात त्या राखाडी कपड्यांतल्या माणसांच्या रांगा, आणि हातोडा घेऊन धावत येणारी एक तरुणी. अ‍ॅपलच्या संचालक मंडळाला ती जाहिरात आवडली नव्हती. तरीही २२ जानेवारी १९८४ ला ती दाखवली गेली, आणि आज चाळीस वर्षांनंतरही लोक तिच्यावर बोलतात. यात कामाची वाटणी नीट लक्षात घ्या. काय सांगायचं हे एजन्सीनं ठरवलं, कोणत्या जगात सांगायचं हे दिग्दर्शकानं. मालक जेव्हा दोन्ही स्वतःकडे ठेवतो, तेव्हा दिग्दर्शकाचा नुसता कॅमेरामन होतो.

आपल्याकडची गोष्ट तर मला याहून जवळची वाटते. दिग्दर्शक श्याम बेनेगल आधी जाहिरात एजन्सीत कॉपी, म्हणजे जाहिरातीचा मजकूर लिहायचे. १९७६ मध्ये त्यांनी 'मंथन' केला. पटकथा विजय तेंडुलकरांची, आणि पैसा गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांचा, प्रत्येकी दोन रुपये! सहकारी दूध चळवळीची ती गोष्ट. पुढे त्याच चित्रपटाचं गाणं अमूलच्या जाहिरातीत आलं आणि घराघरात पोचलं. जाहिरात करायची म्हणून बसून असं गाणं लिहिलं असतं तर ते इतकं खरं वाटलं असतं का? मला नाही वाटत. ते माणसांच्या गोष्टीतून आलं होतं.

संगीताचंही तसंच. ए. आर. रहमान 'रोजा'च्या आधी जिंगल्स करत होते, आणि मोठं नाव झाल्यावरही २००२ मध्ये त्यांनी एअरटेलची धून केली. आणि पंढरपुरात जन्मलेले एम. एफ. हुसेन मुंबईत सिनेमाचे बोर्ड रंगवून पोट भरत होते. म्हणजे कला आणि जाहिरात यांच्यातली ही ये-जा आपल्या जिल्ह्यालाही नवीन नाही.

आता चेहऱ्यांकडे येऊ. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे 'सैराट'साठी मुंबईची हिरोईन घेऊन आले नाहीत. अकलूजची रिंकू राजगुरू घेतली, आणि पहिल्याच चित्रपटाला तिचा राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख झाला. लोकांना तिची बोली आपली वाटली. मग आपली शेंगाचटणी, आपली कडक भाकरी विकताना आवाज परका कशाला? भाकरी मोडल्याचा आवाज माइक जवळ धरून घ्या, आणि बोलायला इथलीच एखादी मावशी आणा. पूर्व भागासाठी तेलुगू, अक्कलकोटकडं कन्नड लागणार असेल तर मराठी जाहिरात डब करू नका. त्या भाषेत नाटक करणाऱ्या माणसाकडून संवाद नव्यानं लिहून घ्या. मराठीतला विनोद डबिंगमध्ये हमखास मरतो.

मालकांनो, कामाचं बोलू. दिग्दर्शकाला सीन सांगू नका, अडचण सांगा: गिऱ्हाईक कोण, तो का घेत नाही, आणि त्याच्या डोक्यात कोणती एक गोष्ट राहायला हवी. एवढं एका पानावर. मग दोघा-तिघांकडून ट्रीटमेंट नोट, म्हणजे जाहिरात कशी दिसेल याचं लेखी टिपण मागवा, आणि निवड झाली नाही तरी त्या नोटचे थोडे पैसे द्या. विचार करणं हेसुद्धा काम आहे. मात्र दावे तुमचे तुम्ही तपासा. 'सर्वात स्वस्त', 'नंबर एक' असं म्हणायचं तर पुरावा हातात हवा. जाहिरात मानक परिषद, म्हणजे एएससीआय, १९८५ पासून हेच सांगत आली आहे.

आणि कलाकारांनो, एक धोका तुमच्याकडूनही असतो. फिल्म सुंदर होते आणि माल हरवतो. कच्चं एडिट शेजारच्या काकूंना दाखवा आणि विचारा, ही कशाची जाहिरात आहे? उत्तर आलं नाही तर पुन्हा एडिटला बसा. सिनेमाचं गाणं परवानगीशिवाय वापरू नका. जाहिरात कुठं आणि किती महिने चालणार, नटांना किती मिळणार, बदल किती वेळा करून देणार, हे सगळं आधी लिहून घ्या. ओळखीतलं काम असेल तर जरूरच लिहा, कारण भांडणं तिथंच जास्त होतात.

दिवाळीची जाहिरात हवी असेल तर बोलणी गणपतीच्या आधी सुरू करा. संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी हवी असेल तर दिवाळी झाली की लगेच. लेखन, नटांची निवड, शूटिंग, एडिट, आवाज, सगळं मिळून दीड-दोन महिने सहज जातात, आणि त्यातला निम्मा वेळ लेखनाला द्या.